पहिल्याच प्रकरणात

सहा बटणं हवी होती आणि डब्यात पाचच निघत होती, तेवढ्यात फोन वाजला. गिऱ्हाईक बाईंना नातवाच्या कोटासाठी गडद निळी, चार भोकांची, मधे किंचित खोलगट अशी बटणं हवी होती, आणि मिर्ता काचेच्या फळीवर बटणांचा ढीग पसरून त्यातून सहावं शोधत होती. फोन तिनं कान आणि खांदा यांच्यात धरला. पलीकडे एक तरुण बाई होती. मिर्ता बोन्फान्ती बोलताहेत का, एकट्या आहात का, बसलेल्या आहात का, असं तिनं एकामागून एक, पण घाई न करता विचारलं. मिर्ता म्हणाली, दुकानात आहे, उभी आहे, बोला. मग ती बाई म्हणाली की तुम्ही आमच्याकडे रक्त देऊन गेला होतात, ते जुळलं आहे. तुमचा भाऊ दारिओ सापडला आहे. सोमवारी येऊ शकाल का, आणि येताना कुणाला तरी बरोबर आणा. मिर्ता म्हणाली, येते. आणि नेमकं तेव्हाच तिच्या बोटाखाली सहावं बटण आलं. तिनं ते बाकीच्या पाचांशेजारी ठेवलं, उजेडात धरून रंग ताडून पाहिला, पुडी बांधली, पैसे घेतले, उरलेले परत दिले. बाई म्हणाल्या, 'किती हो थंड तुमचे हात.' मिर्ता म्हणाली, 'दुकानात ऊन येत नाही ना.' बाई गेल्यावर ती दारावरची पाटी उलटवायला गेली आणि तिथंच, काचेला कपाळ लावून, बराच वेळ उभी राहिली. सापडला. छत्री सापडते, किल्ली सापडते. तिच्या घरात हा शब्द गेली कित्येक वर्षं वस्तूंपुरता उरला होता. माणसाच्या बाबतीत तो वापरायचा नाही, असं कुणी ठरवलं नव्हतं, पण आईनं आणि तिनं तो कधी वापरला नव्हता.

शनिवार होता. शनिवारी एक वाजता दुकान बंद करायचं आणि चालत एस्तेरमावशीकडे जायचं, हे इतकं अंगात मुरलेलं होतं की आपण घरी जावं की काय, हा विचार तिच्या मनात आला तेव्हा ती कोर्रिएन्तेस रस्ता ओलांडून पलीकडे पोचलीसुद्धा होती. ऑगस्टचं, हिवाळ्यातलं ऊन होतं, दिसायला भरपूर आणि ऊब कमी. कुठल्याशा अर्धवट बांधलेल्या इमारतीत गवंड्यांनी जाळीवर मांस भाजायला ठेवलं होतं आणि त्याचा धूर फुटपाथवर आला होता. धुराच्या वासानं तिला एकदम भूक लागली आणि भुकेची लाज वाटली. अशा बातमीनंतर माणसानं काय करायचं असतं? तिला खरं तर हे ठाऊक असायला हवं होतं. आयुष्यात तिनं पुस्तकांतली इतकी प्रेतं सापडताना ऐकली होती. काचघरात, होड्यांच्या छपरीत, घंटाघराच्या जिन्याखाली. मोलकरणीच्या हातून ट्रे पडतो, कप फुटतात, बाईसाहेब खुर्चीची पाठ धरतात, कुणीतरी ब्रँडी आणायला धावतं. तिच्या हातून काहीच पडलं नव्हतं. तिनं सुटे पैसे बरोबर दिले होते. कोपऱ्यावर सिग्नल लाल झाला आणि ती थांबली. सगळे थांबले म्हणून ती थांबली, हिरवा झाल्यावर सगळे निघाले म्हणून ती निघाली. आणि चालता चालता तिला वाटलं की आपण ही बातमी एखाद्या उकडत्या भांड्यासारखी धरून चाललो आहोत. जरा हिंदकळली तर अंगावर यायची.

पुस्तकांचं वेड मूळचं आईचं. आई, म्हणजे लेओनोर, हे बटणांचं दुकान तीच चालवायची. गल्ल्यामागे, रिळांच्या आडोशाला, एक पुस्तक कायम पालथं घातलेलं असे. स्वस्त कागदाचं, कव्हरवर पिस्तूल किंवा सुरा किंवा नुसताच दरवाजा काढलेलं. गोष्टी सगळ्या त्या दूरच्या बेटावरच्या, धुक्याच्या, पाद्र्याच्या बागेच्या, शेकोटीच्या आणि चार वाजताच्या चहाच्या. आई त्या जानेवारीच्या भाजून काढणाऱ्या दुपारी, पाय पाण्याच्या परातीत सोडून वाचायची आणि म्हणायची, 'काय गं बाई बर्फ पडलंय यांच्याकडे, खुन्याचे पाय उमटलेच नाहीत.' दारिओला ही गोडी लागली ती आईकडूनच. मिर्ताला नाही लागली. तिला गोष्टी प्रेमाच्या आवडायच्या. आई आणि दारिओ जेवणाच्या टेबलावर खुनावर वाद घालत बसायचे. दारिओचं एक ठरलेलं होतं. डॉक्टर. कुठलंही पुस्तक असो, पहिली दहा पानं झाली की तो जाहीर करायचा, 'डॉक्टरनंच केलंय.' ज्या पुस्तकात डॉक्टर नसेल त्यात तो म्हणायचा, डॉक्टर लपवून ठेवलाय. पुढे तो विद्यापीठात गेला, दाढी वाढवली, मोर्च्यांना जाऊ लागला आणि आईची थट्टा करू लागला. 'आई, बंगल्यातल्या एका म्हाताऱ्याचा खून झाला की अख्खं गाव कामाला लागतं. कारखान्यात माणूस मेला तर कुणी भिंग घेऊन येतं का?' आई म्हणायची, 'तू लिही ना मग तसलं. मी वाचीन.' आणि त्याची गादी झटकताना तिला खाली तीच पुस्तकं सापडायची. पानं दुमडलेली. आई ती परत तशीच ठेवायची, पांघरूण नीट करायची आणि त्याला कधी बोलून दाखवायची नाही.

मग लष्कराची राजवट आली आणि त्याला नेलं. शिकवणीहून परत येताना, दिवसाउजेडी, एका गाडीतून. फळवाल्यानं पाहिलं होतं, पण आपण पाहिलं हे त्यानं फार वर्षांनी सांगितलं. आई कचेऱ्यांमधून हिंडली. पोलीस ठाण्यात, बराकीत, बिशपच्या घरी, इस्पितळांत. सगळीकडे एकच उत्तर. असा माणूस आमच्याकडे नाही. कुणी म्हणालं, गेला असेल परदेशी, पोरीबिरीबरोबर. एकानं तर विचारलं, तुम्हाला असा मुलगा होता याची खात्री आहे ना? आई गुरुवारी दुपारी दुकान बंद करायची, डोक्याला पांढरा रुमाल बांधायची आणि चौकात जाऊन आपल्यासारख्याच आयांबरोबर फेऱ्या घालायची. आणि शनिवारी एस्तेरकडे जाऊन खुनाच्या गोष्टी वाचायची. मिर्ताला हे कळायचं नाही. गुरुवार कळायचा, शनिवार कळायचा नाही. रिकाम्या खोलीशेजारच्या खोलीत ती झोपायची आणि भिंतीपलीकडून आईनं पान उलटल्याचा आवाज यायचा, तेव्हा तिला दातावर वाळू यावी तसं व्हायचं. एकदा, दुकानात दोघीच असताना, तिनं विचारलंच. एवढं घरात झालं तरी तुला खुनाच्या गोष्टी वाचवतात कशा? आई फीत मोजत होती. तिनं ती मोजणं थांबवलं नाही. 'या पुस्तकांत प्रेत पहिल्याच प्रकरणात सापडतं गं,' ती म्हणाली. 'त्याला नाव असतं. आणि मग सगळी माणसं कामाला लागतात.' तिनं फीत कापली, गुंडाळली आणि पुढे म्हणाली, 'असा माणूस नव्हताच, असं त्यात कुणी म्हणत नाही.'

आई गेल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मिर्ता एस्तेरमावशीकडे गेली ती आईचा चष्मा तिथं राहिला होता तो आणायला. मावशीनं चष्मा दिला आणि म्हणाली, बस, अर्धं राहिलंय पुस्तक, शेवट ऐकून जा. ती बसली ती बसलीच.

एस्तेरमावशी दुसऱ्या मजल्यावर राहायची. ऐंशीची झाली होती, हातात काठी आली होती, पण ओठांना लाली लावल्याशिवाय दार उघडत नसे. तिचं आयुष्य औषधाच्या दुकानात गेलं होतं आणि पुस्तकातल्या विषावर तिचा शब्द अखेरचा असायचा. 'हे पिऊन माणूस असा छान बोलत बोलत मरत नाही,' ती म्हणायची, 'आधी गालिच्याची वाट लावतो. लेखकाला गालिच्याची दया आली.' शनिवारी तिच्याकडे जमणारे दुसरे फेर्मीन. ते रेल्वेत वेळापत्रकं बसवण्याच्या कामावर होते, निवृत्त झाल्यावर त्यांनी बागेच्या कडेला जुन्या पुस्तकांची टपरी टाकली होती. सव्वासातची गाडी पकडून खुनी परत आला असं कुठं आलं की ते चष्मा वर सरकवून म्हणायचे, 'जंक्शनवर इंजिन बदलतात, त्यात अर्धा तास जातो. सांगा त्याला.' दर शनिवारी ते टपरीतून एक पुस्तक आणायचे आणि मोठ्यानं वाचायचे, कारण मावशीचे डोळे आता छापील अक्षराला दाद देत नव्हते. मिर्ता माते भरायची, कडू पाल्याचा चहा. एकच भांडं, एकच नळी, तिघांत फिरणारी. कडू पाणी ओढताना होणारा तो घुर्र आवाज आणि फेर्मीनचा जरासा नाकातला स्वर, यांत दुपार उतरायची.

त्या दिवशी पुस्तक नवं सुरू होत होतं. मिर्तानं कोट काढला, स्वैपाकघरात जाऊन पाणी ठेवलं, आणि पाणी उकळू द्यायचं नाही, उकळण्याच्या आधी उतरवायचं, तेवढ्यावर सगळं लक्ष लावलं. आपण आत गेल्या गेल्या सांगू, असं तिनं जिन्यात ठरवलं होतं. पण मावशीनं दार उघडून तिच्या गालाला गाल लावला आणि विचारलं, 'उशीर का गं पोरी?' आणि ती म्हणाली, 'बटणं जुळत नव्हती.' आता फेर्मीन वाचत होते. मोठं घर, तळं, तळ्यावर गोठलेला पातळसा बर्फ. माळी सकाळी वाट झाडायला येतो. त्याचा कुत्रा भुंकत तळ्याकडे धावतो. मिर्ता ऐकत होती आणि ऐकत नव्हती. तिला तो माळी दिसत होता, पण माळ्याला दारिओच्या फळवाल्याचा चेहरा होता. माळी वाकतो. बर्फाखाली एक हात दिसतो. माळी टोपी काढतो आणि घराकडे पळत सुटतो, आणि मग घरातल्या सगळ्या खिडक्या एकामागून एक उजळतात. या वाक्याशी फेर्मीन नेहमीसारखे थांबले, मातेसाठी हात पुढे केला. मिर्तानं भांडं त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, 'दारिओ सापडला.'

खालच्या मजल्यावर कुणीतरी फुटबॉलची मॅच लावली होती, तिचा गलका जमिनीतून येत होता. मावशीनं काठी चाचपली आणि उठायचा प्रयत्न केला. उठता येईना तेव्हा ती तशीच पुढे झुकली आणि मिर्ताचं मनगट धरलं, नाडी पाहावी तसं. फेर्मीनच्या हातात भांडं तसंच होतं. त्यांचे ओठ हलले आणि त्यांनी अगदी हळू, पुस्तकातला प्रश्न विचारावा तसं विचारलं, 'कुठं?' विचारल्याबरोबर त्यांचा चेहरा पडला.

'फेर्मीन, गप्प बसा,' मावशी म्हणाली.

'नको मावशी,' मिर्ता म्हणाली. 'विचारू देत. कुणीतरी विचारायलाच हवं.'

आणि तिला रडू आलं. दुकानात नाही, रस्त्यात नाही, तर त्या एका शब्दानं. कुठं. आईनं हा शब्द किती दारांवर नेला होता आणि उत्तराऐवजी तोंडावर दार बंद झालं होतं. इथं तो शब्द एका म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून, हातातलं माते थंड होत असताना, सहज निघाला, कारण प्रेत सापडलं की पुढचा प्रश्न हाच, हे त्याच्या हाडीमासी होतं. तिला माहीत असलेलं सगळं, म्हणजे जवळजवळ काहीच नाही, तिनं सांगितलं. फेर्मीननी पुस्तक मिटलं. सोमवारी मी येणार, असं मावशीनं सांगून टाकलं. तुमच्यानं जिना उतरवत नाही, असं मिर्ता म्हणाली, तर ती म्हणाली की उतरताना बसून उतरेन, एकेका पायरीवर, लहानपणी उतरायचे तशी.

सोमवारी ती बसून नाही, पण फेर्मीनच्या खांद्यावर हात ठेवून उतरली. फेर्मीन टॅक्सीच्या दाराशी थांबले. मी तिथं काय करणार, म्हणाले, आणि टॅक्सी वळेपर्यंत टोपी हातात घेऊन उभे राहिले.

गाडीत मावशीनं बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं. मग, कुणीतरी मध्येच सोडलेलं बोलणं पुढे चालू करावं तसं म्हणाली की लेओनोरला शेवटाशी कधी फारसं देणंघेणं नव्हतं, हे तुला माहीत आहे का. मिर्ताला माहीत नव्हतं. तिला तर उलट वाटत आलं होतं. आईला शेवटचं प्रकरण हवं असायचं, जिथं सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करतात आणि बोट दाखवतात, कारण आपल्या घरात ते बोट कुणी कुणाकडे दाखवणार नाही हे तिला कळलं होतं. मिर्ता स्वतः त्यासाठीच शनिवारची वाट बघायची. मावशी म्हणाली, 'छे. शेवटी तिला पेंग यायची. फेर्मीनकडे पुस्तक घ्यायला गेली की खुनी कोण, चलाख आहे का, असलं ती विचारायचीच नाही. ती विचारायची, यातला इन्स्पेक्टर कसा आहे? लोकांशी कसा बोलतो? मला म्हणायची, एस्तेर, खून काय, कुणालाही करता येतो. हे बघ, हा माणूस स्वैपाकिणीला विचारतोय की बाई, तुम्ही दूध चुलीवर कधी ठेवलंत. आणि ती आठवेपर्यंत गप्प बसतोय. तेवढं पान ती मला पुन्हा वाचायला लावायची. चौकात जाऊन आल्यावर तिचे पाय सुजायचे ना, तेव्हा तर फार.' टॅक्सी सिग्नलला थांबली. मावशी म्हणाली, 'कचेऱ्यांत तिला कुणी बस म्हणालं नव्हतं गं. एका ठिकाणीसुद्धा नाही.'

भिंतीपलीकडचा पान उलटल्याचा आवाज मिर्ताच्या कानात आला, आणि तो आता निराळा होता. तो पुढे जाणाऱ्या पानाचा नव्हता. मागे उलटणाऱ्या पानाचा होता.

हाडांवरून माणसं ओळखणाऱ्यांची ती जागा कचेरीसारखी नव्हती, जुन्या घरासारखी होती, उंच छताची, लाकडी जमिनीची. फोनवरची मुलगी, पाउला, तिशीची होती. केस कसेतरी बांधलेले, हातावर खडूसारखे पांढरे डाग. तिनं दोघींना बसायला खुर्च्या दिल्या, मावशीच्या पाठीला उशी दिली, आणि मग स्वतः बसली. ती सरळ बोलली. शहराबाहेरच्या एका दफनभूमीच्या कोपऱ्यात, नाव नसलेल्या थडग्यांच्या ओळीत तो होता. त्या वर्षीच्या हिवाळ्यातच पुरलेला. म्हणजे नेल्यानंतर थोड्याच महिन्यांत. मिर्तानं मनातल्या मनात हिशेब केला आणि सोडून दिला. त्या हिवाळ्यात आई त्याच्यासाठी लोकरीचा स्वेटर विणत होती. एस्तेरमावशीनं, आवाज अजिबात न हलवता, औषधाच्या दुकानात उभी असल्यासारखे प्रश्न विचारले. गोळी का, किती, कुठं, लगेच का. पाउलानं एकेकाचं उत्तर दिलं. लगेच, ती म्हणाली. ते आम्हाला सांगता येतं. लगेचच. मावशीनं डोळे मिटले आणि मान हलवली, आणि मिर्ताला कळलं की हे प्रश्न मावशीनं स्वतःसाठी विचारले नव्हते. आपल्याला जे विचारता आलं नसतं ते तिनं विचारून घेतलं होतं.

'आणि कोणी?' मिर्ता म्हणाली.

पाउलानं हात टेबलावर ठेवले. 'काय झालं ते हाडं सांगतात,' ती म्हणाली. 'कोणी केलं ते नाही सांगत. कोर्टात काम चालू आहे. निघेल नाव, किंवा नाही निघणार. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही.'

एवढी वर्षं ज्या प्रश्नाभोवती तिचं मन बैलासारखं फिरत होतं, त्याला उत्तर नाही हे ऐकून आपण कोसळू, अशी मिर्ताची कल्पना होती. तसं झालं नाही. काहीतरी आत सैल झालं, काहीतरी तसंच आवळलेलं राहिलं. मग पाउला म्हणाली, त्याच्या गळ्याजवळच्या डाव्या हाडावर एक जुना सांधा आहे, लहानपणी मोडून भरून आलेला. ते कसं झालं होतं? आणि विचारून ती गप्प बसली. मिर्तानं तिच्याकडे पाहिलं. मुलीला कुठं जायची घाई दिसत नव्हती. तिनं हनुवटी हातावर टेकवली होती आणि ती थांबली होती. रक्त जुळलं होतं, ओळख पटली होती, आता हा प्रश्न विचारायची तशी काही गरज नव्हती. ती नुसतीच विचारत होती.

मिर्ता सांगू लागली. लिंबाच्या झाडावरून पडला होता, रोसारिओ शहरातल्या आत्याकडे. पतंग काढायला चढला होता. नाही, पतंग आदल्या वर्षीचा, या वर्षी पैज लावून चढला होता. हात गळ्यात बांधून महिनाभर घरात, चिडचिड, उकाडा. आईकडे त्याच्या वयाचं पुस्तक नव्हतं म्हणून तिनं आपलंच वाचून दाखवायला घेतलं. तेव्हापासून लागलं ते वेड. हात बांधणारा डॉक्टर फार दुष्ट होता, त्यानं हाड बसवताना आधी सांगितलं नाही, गोड बोलून एकदम ओढलं. 'म्हणून मग पुढं आयुष्यभर,' मिर्ता म्हणाली, आणि तिला ते बोलताना प्रथमच कळलं, 'कुठल्याही पुस्तकात त्याचा संशय डॉक्टरवर.'

पाउला हसली. खरोखर हसली, मग तोंडावर हात नेला. एस्तेरमावशीही हसली. 'आणि कधी निघाला का डॉक्टर?' पाउलानं विचारलं. 'एकदा,' मिर्ता म्हणाली. 'तेव्हा गच्चीवर जाऊन ओरडला होता. सगळ्या गल्लीला कळलं, डॉक्टरनं केलं म्हणून. खालच्या मजल्यावर खरंच एक डॉक्टर राहायचे. ते आठवडाभर आईशी बोलले नाहीत.' ती बोलत राहिली. तो झोपेत दात खायचा. त्याला दुधावरची साय चालायची नाही. तो खोटं बोलला की कान खाजवायचा. बाहेरची ऊन-सावली जमिनीवरून सरकत होती आणि कुणी तिला थांबवत नव्हतं. भाऊ नेला गेला तेव्हापासून तिनं त्याची उंची सांगितली होती, अंगावरचे कपडे सांगितले होते, नेल्याची तारीख सांगितली होती. साय कुणाला सांगितली नव्हती.

मग पलीकडच्या खोलीत ती त्याला भेटली. टेबलावर, माणूस निजावा तसा, क्रमानं मांडलेला. रंग चहाचा. पाउला म्हणाली, हात लावलात तरी चालेल. मिर्ताला वाटलं होतं थंड लागेल. थंड नव्हतं, उन्हातल्या लाकडासारखं कोरडं होतं. तिनं त्याच्या हाताच्या जागी आपला हात ठेवला. तो किती लहान होता. ती आता साठीची, आणि तो एकवीसचा. आपला मुलगा शोभेल अशा वयाचा भाऊ. तिला त्याला काही सांगायचं होतं, मोठं, नीट जुळवलेलं, पण तोंडून निघालं ते एवढंच, 'चल, घरी जाऊ.' मावशी दारातच थांबली होती. काठीवर दोन्ही हात, आणि ओठांची लाली जराशी पसरलेली.

चाकारिताच्या दफनभूमीत त्याला आईशेजारी ठेवलं तेव्हा हवा उबदार झाली होती. मिर्ताला वाटलं होतं पाच-सात माणसं असतील. पण त्याच्या वर्गातली माणसं आली. टक्कल पडलेली, पोट सुटलेली, एक बाई नातवंडाची गाडी ढकलत आली. पांढरे रुमाल बांधलेल्या तीन म्हाताऱ्या आल्या, त्यांतली एक म्हणाली, 'लेओनोर माझ्या डाव्या हाताला चालायची.' ते सगळे म्हातारे झाले होते, आणि मध्ये ती पेटी, जिच्यातला एकटाच तसाच राहिला होता. माती पडताना कुणीतरी त्याचं नाव मोठ्यानं घेतलं आणि बाकीच्यांनी उत्तर दिलं, हजर. मिर्तानं नाही दिलं. तिचं लक्ष दगडावर होतं. त्यावर आता दोन नावं होती, आणि दारिओच्याही नावाखाली दोन तारखा. दुसरी तारीख पाहून तिला बरं वाटलं, आणि तारखेनं बरं वाटावं याचं नवल वाटलं.

पुढच्या शनिवारी ती एस्तेरमावशीकडे गेली. जाऊ नये असं तिच्या मनात आलंच नाही. तळ्यावरच्या बर्फाचं पुस्तक तसंच राहिलं होतं. मधल्या शनिवारांत कुणी ते उघडलं नव्हतं. फेर्मीननी थोडं मागून धरलं, सगळे जण कोण होते ते आठवण्यासाठी. मावशीनं बुरशीच्या विषाविषयी आपलं मत नोंदवलं. संध्याकाळ उतरू लागली तेव्हा अखेरची दोन प्रकरणं उरली होती. त्यांच्या रिवाजाप्रमाणे आता प्रत्येकानं आपला संशय सांगायचा. मावशीनं पुस्तकातल्या भाचीचं नाव घेतलं, फेर्मीननी वकिलाचं. मिर्ता म्हणाली, 'मला नाही सुचत. वाचा तुम्ही.' ती आईच्या जागेवर, खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसली होती. इन्स्पेक्टर स्वैपाकघरात गेला होता आणि स्वैपाकिणीला विचारत होता की त्या सकाळी भट्टीत लाकडं कोणी घातली. स्वैपाकीण पीठ मळत होती. तिनं हात पुसले. फेर्मीनचा स्वर नाकातून येत होता, एका लयीत. स्वैपाकीण आठवू लागली, आणि मिर्ताला ते पीठ, ते हात, भट्टीचा तो लालसर उजेड इतका जवळ आला की तिनं त्यात डोळे टेकले.

जाग आली तेव्हा खोलीतला उजेड टेबलावरून उठून कपाटाच्या काचेवर गेला होता. तिच्या गुडघ्यांवर मावशीची शाल होती. मान अवघडली होती. एस्तेरमावशी आपल्या जागेवर ताठ बसली होती, कुणाच्या तरी घरी पाहुणी म्हणून आल्यासारखी. फेर्मीन समोर होते. पुस्तक मिटलेलं, मांडीवर, आणि त्यांचं बोट पानांत. किती वेळ झाला होता कुणास ठाऊक, मातेचं भांडं टेबलावर सुकलं होतं.

'वाचलं नाहीत?' मिर्तानं विचारलं.

'तू झोपली होतीस,' मावशी म्हणाली.

'अहो, मग तुम्ही वाचायचं. दोनच तर प्रकरणं होती. खुनी कोण ते कळलं असतं ना.'

फेर्मीननी चष्मा डोळ्यांवर घेतला, बोटाच्या जागी पुस्तक उघडलं आणि ओळ शोधू लागले. 'तो कुठं जातोय पळून,' ते म्हणाले. मग त्यांचं बोलणं त्यांनाच लागलं असावं, कारण ते थांबले आणि मिर्ताकडे न पाहता, खालच्या आवाजात म्हणाले, 'आम्हाला काही घाई नव्हती.'

मावशीनं ताज्या पाण्यासाठी हाक मारली नाही, स्वतःच काठी घेऊन उठली आणि भिंत धरत स्वैपाकघराकडे गेली. तिची पावलं, मग नळ, मग काडी ओढल्याचा आवाज आला. ती परत येऊन बसेपर्यंत फेर्मीन थांबले. मिर्तानं पाय वर घेतले, शाल ओढून घेतली आणि ऐकू लागली.